कालव्याकाठी, तुमच्याविना

प्रिय आई,

आज दुपारी जेवताना मंदार पुन्हा तेच म्हणाला. "आईचं एवढं एकच मागणं होतं, आणि मी तिचा व्हिसाच विसरलो." तुम्हाला जाऊन सात महिने झाले. दर रविवारी, इरा पानावरून उठली की, तुमचा मुलगा हे वाक्य म्हणतो आणि मी त्याला भात वाढते. आजही वाढला. मग ओटा आवरला आणि हे पत्र लिहायला बसले. जे त्याला सांगायला हवं ते आधी तुम्हाला सांगून बघते. तुमच्यासमोर तरी कुठे हिंमत झाली होती म्हणा!

तुम्ही पुण्यात तीस वर्षं सायकलवरून ऑफिसला गेलात. मग एका रिक्षाने मागून धक्का दिला, मनगट मोडलं आणि सायकल सुटली. तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की तुमचे खांदे वर जायचे, चालत असलात तरी. आमच्याकडे सिंगापूरला, वुडलँड्सच्या घरी राहायला आलात तेव्हा मंदारने तुम्हाला तो पाण्याकाठचा रस्ता दाखवला, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. तुम्ही विचारलंत, "इथे गाडी येतच नाही?"

"नाही येत."

"चुकून?"

"चुकूनसुद्धा नाही, आई."

पंधरा दिवसांत तुमची सेकंडहँड सायकल दारात उभी होती. अडुसष्टाव्या वर्षी! अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून वेणी घालायला लागलात. घोरपड आडवी आली की घंटा वाजवत थांबायचात आणि ती हलेपर्यंत तिला समजावत बसायचात. इराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आजी, इट्स अ लिझर्ड, लाह. जस्ट गो."

मग तुम्हाला यूट्यूबवर फ्रान्स सापडलं. बरगंडीतला तो कालवा आणि त्याच्या काठचा रस्ता. पूर्वी त्या रस्त्याने घोडे बोटी ओढत न्यायचे, आता तिथून सायकली जातात. तुमच्या वयाची जोडपी मागे पिशव्या अडकवून रमतगमत चाललेली, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गहू आणि पांढऱ्या गाई. दिवसच्या दिवस एक गाडी नाही. तुम्ही वहीत सगळा मार्ग काढलात. बोटी वरखाली करायची लॉक कितवी, पाण्याचा नळ कुठे, कुठल्या गावातली बेकरी दुपारी बंद असते. लिफ्टमध्ये शेजारच्या मलाय काकूंना तुम्ही "बोंजूर" म्हणायचात आणि त्या बिचाऱ्या "गुड मॉर्निंग, आंटी" म्हणायच्या.

आई, खरं सांगू? मला वैताग यायचा. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातले डबे न विचारता हलवलेत, ते मी गिळलं. पण त्या वहीतसुद्धा तुम्ही लिहिलंत, "वृषाली उशिरा उठते, म्हणून निघायची वेळ आठ धरली आहे." आणि ते मंदारला मोठ्याने वाचून दाखवलंत. तो हसला. माझ्या नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर, कुणाचीही सून नसताना, मला दहा दिवस हवे होते. एवढंच हवं होतं. त्यात फार वाईट काय होतं, असं मी अजूनही स्वतःला विचारते.

तिकिटं मंदारने काढली. चौघांची. सायकली, राहायच्या जागा, सगळं त्यानेच ठरवलं. आम्ही सिंगापूरचे नागरिक होऊन सहा वर्षं झाली होती. लाल पासपोर्ट उचलायचा आणि निघायचं, ही सवय लागली होती. तुमचा पासपोर्ट भारताचा, तुम्ही इथे व्हिजिट पासवर, तुम्हाला फ्रान्सचा व्हिसा लागणार, हे त्याच्या डोक्यातून पार निघून गेलं. एके काळी हाच माणूस व्हिसाच्या रांगेत फाइल छातीशी धरून उभा राहायचा.

आता पुढचं लिहिते.

निघायच्या दोन महिने आधी मी सगळ्यांचे पासपोर्ट काढून बघितले. तुमचा हातात घेतला आणि तेव्हाच ध्यानात आलं. वन-नॉर्थच्या माझ्या ऑफिसात दुपारी बसून मी व्हिसाच्या तारखा पाहिल्या. पुढच्याच बुधवारी जागा होती. तुम्हाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागणार होतं, मी अर्धी रजा टाकली असती की झालं असतं. मी ते पान बंद केलं. घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. उद्या सांगू, असं अकरा दिवस म्हणत राहिले. रोज ऑफिसात एकदा तारखा बघायचे. बाराव्या दिवशी निघायच्या आधीची एकही उरली नव्हती, तेव्हा संध्याकाळी चहा पिताना म्हटलं, "मंदार, अरे, आईंना व्हिसा लागेल ना?"

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "आपण विसरलोच गं," तो म्हणाला. आणि मी म्हटलं, "हो ना."

तुम्ही त्यालाच समजावत बसलात. "जाऊ दे रे. तुम्ही जा, पैसे भरलेत. कालवा कुठे पळून जातोय?"

म्हणून आम्ही गेलो. आणि आई, ते सगळं तुमच्या वहीत होतं तसंच होतं. इतकं शांत, की सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू यायचा. समोरून येणारा प्रत्येक जण "बोंजूर" म्हणायचा. मंदार आणि इरा पहिल्याच सकाळी पुढे निघून गेले. त्यांचा वेग मला कधी जमला होता? वुडलँड्सच्या रस्त्यावर तुमच्याबरोबर रेंगाळत जाणारी मीच होते. तिथे मी दहा दिवस एकटी सायकल चालवली. मध्येच ते दोघं थांबलेले दिसायचे, ते मात्र तुमच्यासाठी फोटो काढायला.

रोज दुपारी तुमचा फोन. तिकडे तुमची संध्याकाळ. "आज कितवं लॉक?" चौथ्या दिवशी काठाचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. मंदारच्या फोनवरचा नकाशा भलतीकडेच नेत होता. तुम्ही वुडलँड्सहून वही उघडून म्हणालात, "वळणरस्त्याची पिवळी पाटी बघा, ती दाखवेल तिकडे जा. दगडी पूल लागेल, तिथे गाड्या असतील, इराला उतरून चालू दे. पूल ओलांडला की पुन्हा कालवा." आणि थांबून, "वृषालीलाही उतरू दे, ती गडबडते." पूल लागला. मी उतरले. हँडल धरून चालताना रडत होते, आणि इराला वाटलं माझ्या डोळ्यात चिलट गेलं.

परत आल्यावर एकदा आपण दोघी मेथी निवडत होतो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तुला आधी नव्हतं का गं आठवलं, व्हिसाचं? तू तर सगळे पासपोर्ट बघून ठेवले होतेस."

मी म्हटलं, "नाही हो, आई."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि पुढची जुडी ओढलीत.

त्या एका शब्दाचं मी काय करू? तुम्हाला कळलं होतं का? कळलं होतं तर भांडला का नाहीत? डब्यांवरून भांडायचात, मीठ कमी पडलं तर बोलायचात, आणि नेमकं इथे गप्प बसलात. तुम्ही ओरडला असतात तर मी कबूल केलं असतं. हा माझा तुमच्यावरचा राग आहे, आणि तो किती अन्यायाचा आहे तेही मला कळतं.

पुढच्या जूनला आधी आईचा व्हिसा, मग बाकी सगळं, असं मंदारने ठरवून टाकलं होतं. तुम्ही थांबला नाहीत. परत आल्यानंतरच्या चौथ्या महिन्यात तुम्ही सकाळी चहा ठेवायला उठलात आणि ओट्यापाशीच कोसळलात. हॉस्पिटलात दोन दिवस मी तुमचा हात धरून बसले होते. तुम्ही शुद्धीवर नव्हतात. तेव्हाही सांगता आलं असतं. शेजारी मंदार होता, म्हणून नाही सांगितलं.

तेव्हापासून त्याने सायकलला हात लावलेला नाही. इरा चल म्हणाली तर "पाय दुखतोय" म्हणतो. परवा तिने मला विचारलं, "डॅडी इज पनिशिंग हिमसेल्फ, इज इट?" बारा वर्षांच्या मुलीला दिसतं. मलाही दिसत होतं. त्याची शिक्षा बघत मी सात महिने भात वाढतेय.

तो आता इराला बॅडमिंटनला सोडायला गेलाय. पाऊण तासात येईल. मी तुम्हाला शब्द देते, तो आला की त्याला समोर बसवून सांगणार आहे. थकले होते, रजा मिळाली नसती, असलं काही जोडणार नाही. तुम्ही मला माफ केलं होतं असंही म्हणणार नाही, कारण मी कधी माफी मागितलीच नाही. तो किती दिवस बोलणार नाही, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा पूर्वीसारखं बोलणारच नाही. तरीही सांगेन. म्हणेन, मंदार, तू विसरला होतास. मला आठवलं होतं.

तुमची,
वृषाली