जावयाच्या गेमचा सिनेमा

मुक्काम खर्डा, तालुका जामखेड
गुरुवार, दुपारचे जेवण झाल्यावर

सन्माननीय व्याही दिगंबरराव यांना शामकांतचा मनःपूर्वक नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंनी आणून दिलेले तेल लावता, की नुसतेच उशाशी ठेवता? देवळाली प्रवराला उसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा सुरू झाली असेल, तेव्हा सकाळी फिरायला जाताना रस्त्याच्या अगदी कडेने जावे, आणि वाहनचालकास नियम समजावून सांगण्यासाठी मध्येच थांबू नये. मी प्रकृतीने ठीक आहे. डाव्या कोपराला थोडे खरचटले आहे, त्याचे कारण ओघात येईल. फोन न करता पत्र का, असे आपण म्हणाल. फोनवर आपण मध्येच "ते राहू द्या, मुद्द्यावर या" म्हणता, आणि या प्रकरणात मुद्दा नेमका कुठे आहे हेच मला अजून समजलेले नाही. पत्रात निदान तो शोधत शोधत पुढे जाता येते.

आपण माझ्यावर सोपवलेले काम मला पाठ आहे. अनिमेष, म्हणजे आपले चिरंजीव आणि माझे जावई, यांनी पुण्याची चांगली कायम नोकरी सोडली, स्वतः तयार केलेल्या मोबाईलवरच्या गेमचा मोठा सिनेमा निघतोय म्हणून मुंबईच्या कंपनीबरोबर खर्ड्याच्या किल्ल्यावर येऊन राहिले, आणि तेव्हापासून, म्हणजे गणपतीपासून, आपण त्यांच्याशी एक अक्षर बोललेला नाहीत. मी जाऊन त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता: जी गोष्ट लोक स्वतः खेळतात ती नुसती बघायला कोण येणार? आणि उत्तर आले नाही की त्यांना एसटीत घालून परत आणायचे. (माझी लेक मनवा याबाबत कोणाच्या बाजूची आहे हे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "बाबा, मी दोघांचे फोन घेते, एवढेच सध्या माझे काम आहे.")

तर मी निघालो. गेमचे नाव 'तटबंदी'. एक तरुण किल्ल्यात शिरतो, त्याच्या मागे भिंती कोसळत येतात, तो पळत सुटतो, खंदकावरून उड्या मारतो, पडला की मरतो आणि मेला की होता तिथूनच उठतो. आमच्या श्रीरामपूरच्या स्टँडवर निम्मी पोरे मान खाली घालून हेच करत असतात. इतके दिवस मला वाटे, परीक्षा जवळ आली असेल.

खर्ड्याला उतरलो तर थांब्यावर एक गृहस्थ बसलेले, अंगात चिलखत, पायात रबरी चप्पल, छातीतून आरपार गेलेला बाण. त्यांनी मला अदबीने जागा करून दिली. बन्सी नाव, गावातलेच, कांद्याची शेती. शूटिंग कुठे चालू आहे विचारले तर म्हणाले, "किल्ल्याम्होरं. मीबी तिथंच हाय. पर मी मेलेला हाय ना गुर्जी, मग जेवायच्या सुट्टीपातुर कुनी इचारत न्हाई." मी मास्तर आहे हे यांनी कसे ओळखले, तेही मला कळले नाही. पुढे मला जे काही कळले नाही त्याची ही नुसती सुरुवात होती.

आपण खर्ड्याचा किल्ला पाहिला आहे, त्याचा दरवाजा काय देखणा आहे हे मी सांगायला नको. त्या दरवाज्यापासून थोड्याच अंतरावर शेतात प्लायवूड आणि थर्माकोलचा दुसरा दरवाजा उभा केला आहे. मी दिग्दर्शकांना (करण नाव, चेहऱ्यावरून अकरावीतले वाटतात, पण सगळे त्यांना घाबरतात) विचारले, हे कशाला? ते म्हणाले, खरा दरवाजा गेममधल्या दरवाज्यासारखा दिसत नाही, लोक फसवले म्हणतील. म्हटले, पण गेममधला दरवाजा जावयांनी कशावरून काढला? तर म्हणे, याच खऱ्या दरवाज्यावरून. मी जरा वेळ दोन्ही दरवाज्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि मग पाणी मागितले.

मी तो गेम कधीच खेळलेलो नाही असे कळल्यावर करणना इतका आनंद झाला की त्यांनी माझी पिशवी स्वतः उचलली. त्यांची अडचण अशी आहे. ज्यांनी गेम खेळला आहे ते म्हणतात, सिनेमात काहीही बदलू नका. ज्यांनी खेळला नाही ते म्हणतात, हा मनुष्य पळतोय का ते आधी सांगा. एका गटाचे समाधान करायला नायकाला आजारी आई दिली, तर दुसरा गट संतापला. जामखेडच्या कॉलेजातला आदिनाथ नावाचा मुलगा या गेममध्ये फार वरच्या पायरीवर आहे म्हणून त्याला सल्लागार ठेवला आहे. तो मला डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काका, तटबंदीत आई न्हाईच. आई असती तर तिनं पळू दिलं असतं का?" मला हे पटले. मग करण म्हणाले की पळण्याला कारण नसेल तर पैसे देऊन आलेला माणूस अर्ध्यातून उठून जाईल. मला तेही पटले. साखर कारखान्याच्या ऑफिसात दोन परस्परविरुद्ध अर्ज एकाच दिवशी मंजूर करण्याचा प्रसंग आपल्यावर आला असेल, तर माझी अवस्था आपण जाणाल.

जेवणानंतर मंगल कार्यालयात (सगळी मंडळी तिथेच उतरली आहेत) पडदे ओढून मला तयार झालेला भाग दाखवला. अनिमेष माझ्या शेजारी बसले होते. दिगंबरराव, ते वाळले आहेत. मी असे पाहिले: एक पिळदार तरुण पळतो आहे, भिंती पडताहेत, तो उडी मारतो, पोचतो, पुन्हा पळतो, उडी मारतो, पोचतो. आवाज एवढा की माझ्या खुर्चीचा पाय हलत होता. मी हळूच विचारले, हा पडत कसा नाही? अनिमेष म्हणाले, "हीरो आहे ना बाबा. त्यांनी करारातच लिहून घेतलंय, पडणार नाही." मग मी आपला प्रश्न विचारला. मुद्दाम नव्हे, तो त्या क्षणी खरोखरच मला पडला.

"गेममध्ये पळतं कोण?"

"तुम्ही. म्हणजे जो खेळेल तो."

"आणि इथे?"

"इथे हा."

"मग मी काय करायचं?"

अनिमेष उठले, चपला घालून बाहेर गेले आणि खोट्या दरवाज्याच्या सावलीत जाऊन बसले. आपले काम इतक्या लवकर फत्ते झाले म्हणून मला बरे वाटायला हवे होते. पण वर्गात हुशार मुलाला फळ्यापाशी उभे करून आपणच त्याचा खडू काढून घ्यावा, तसे काहीतरी झाले. मी त्यांच्यामागे गेलो. एसटीचे वेळापत्रक खिशात होते, ते काढलेच नाही. त्याऐवजी तोंडातून निघाले, "जरा तो गेम दाखवा बघू."

त्यांनी मोबाईल दिला. अंगठ्याने दाबले की तो तरुण पळतो, दुसऱ्या अंगठ्याने उडी. मी पहिल्याच खंदकात पडलो. पुन्हा पडलो. मग खंदकापर्यंतसुद्धा न पोचता एका सपाट जागी मेलो, जे आदिनाथच्या मते आजवर कोणालाही जमलेले नाही. बन्सी बाणासकट येऊन माझ्या खांद्यावरून पाहू लागले. "गुर्जी, आता उडी मारायची हुती. तुमी इचार करत बसले." त्यांच्यामागे आणखी काही मेलेले सैनिक आले, चहावाला आला, मेकअपची मुलगी आली. बन्सींच्या पत्नी चांगुणाबाई त्यांचा रिकामा डबा न्यायला आल्या होत्या, त्याही पदर खोचून उभ्या राहिल्या. मी पडलो की सगळे कळवळत होते, उठलो की गप्प होत होते. शेवटी मी खंदक ओलांडला, तेव्हा त्या भरात मी स्वतःही उडी मारली असे म्हणतात, आणि खोट्या दरवाज्याच्या प्लायवूडवर आदळलो. (कोपर.)

मी वर पाहिले तर अनिमेष माझ्याकडे नव्हे, त्या गर्दीकडे बघत होते. "बाबा," ते म्हणाले, "मोबाईल तुमच्या एकट्याच्या हातात होता. हे सगळे काय करत होते?" माझाच प्रश्न माझ्याकडे परत आला होता आणि मी तो ओळखला नाही.

पुढचे दोन-तीन दिवस फार गोंधळाचे गेले. पिळदार नायक करार दाखवू लागले. अनिमेष म्हणाले, हा पडला नाही तर सिनेमाच पडेल. करण कोणाच्या बाजूचे होते ते सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळे होते. अखेर नायकाच्या जागी, फक्त पाठमोरे दिसेल अशा बेताने, बन्सींना खंदकात पाडायचे ठरले. मेलेल्या माणसाला जिवंत करून पुन्हा पाडणे यात मला तर्क दिसला नाही, पण बन्सी खूश होते. असे पडले, दिगंबरराव, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. आणि उठताना जरा वेळ लावला. तो वेळ कोणी सांगितला नव्हता, त्यांचीही कंबर आपल्या गुडघ्यासारखीच आहे.

काल दुपारी तो तुकडा गावाला दाखवला. पडद्यावर तो पाठमोरा माणूस चिखलात पालथा पडून होता आणि कार्यालयात कोणी हलत नव्हते, तेव्हा मागून चांगुणाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "उठा की वो." तो उठला. कार्यालयात जो आवाज झाला, तो मी शाळेच्या शेवटच्या तासाच्या घंटेलासुद्धा ऐकलेला नाही. नंतर आदिनाथ म्हणाला, दाबायला काहीच नव्हते, हात शिवशिवले. गावचे एक वडीलधारे म्हणाले, पळणे फार आहे, गोष्ट कमी. करण म्हणाले, दोघांनी तक्रार केली म्हणजे सिनेमा चालणार. मी आलो त्या दिवशी याच दोन तक्रारी आल्या तेव्हा ते म्हणाले होते की सिनेमा बुडाला.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर मी काय देऊ? हा सिनेमा चालेल की नाही मला ठाऊक नाही. इथे कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असे वाटते ते रोज उत्तर बदलतात. एवढे मात्र लिहितो की आपला मुलगा रिकामटेकडेपणा करत नाहीये. पहाटे उठून लिहितो, दुपारी खोडतो, जेवायला बोलवावे लागते. आपण कारखान्यात असताना विहीणबाई आपल्याबद्दल हेच सांगत.

विहीणबाईंना नमस्कार, आणि तेल लावत चला.

आपला नम्र व्याही,
शामकांत

ता. क. परतीचे तिकीट काढलेले नाही. मला सल्लागार म्हणून ठेवून घेतले आहे. काम असे की काहीही समजले नाही की हात वर करायचा. हात दुखतो.

ता. क. दुसरा. मूळ सांगायचे ते हे. गेमच्या अगदी शेवटी एक बंद दरवाजा आहे आणि त्याच्यापुढे एक माणूस हाताची घडी घालून उभा असतो. खेळणारे त्याला पहारेकरी समजतात. परवा अनिमेष मला म्हणाले, तो पहारेकरी नाही, दहावीचा निकाल घेऊन मी घरी आलो तेव्हा अण्णा (म्हणजे आपण) असेच फाटकात उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त फाटक उघडलं. सिनेमात त्या जागी मुंबईचे एक मोठे नट आणले होते. त्यांनी लांबलचक भाषण केले. अनिमेषनी ते काढून टाकले आहे आणि दुसरा कोणी घ्यायला ते तयार नाहीत. त्यांना स्वतःला आपल्याला विचारायचे धाडस होत नाही, म्हणून मी विचारतो: आपण याल का? काम अवघड नाही. मुलाशी एक शब्दही न बोलता उभे राहायचे, ज्याचा आपला सराव उत्तम झालेला आहे, आणि मग फाटक उघडायचे. गुडघ्यासाठी खुर्चीची सोय मी करून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. आमच्या सौ. सुमेधाला मी घरातून निघताना सांगितले आहे की आपला गुडघा फार दुखतोय म्हणून मी आठवडाभर आपल्याकडे सोबतीला जातो. तिचा फोन आला तर मी अंघोळीला गेलो आहे असे सांगावे, आणि थोडे कण्हावे.