स्टँडच्या सावलीतली पट्टी

कार्नबेग,
रविवार, ३ फेब्रुवारी २०१९

चिरंजीव गॅव्हिनला काकाचे आणि नेटीमावशीचे अनेक आशीर्वाद.

शोनाचा फोन आला होता. तिच्या घराला जिना नाही, म्हणून तिच्याकडे राहणं तुला बरं पडतंय असं म्हणाली. ॲबरडीनचा वारा मात्र हाडात शिरतो. पाय उघडा ठेवू नकोस. मावशीने विणलेले मोजे पाठवतोय. एकच मोठा विणलाय, प्लास्टरवरून चढेल असा. दुसरा नेहमीच्या मापाचा आहे. त्यावरून ती स्वतःच हसली आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

आमचं म्हणशील तर ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरणारी चाकं जास्त चालतात. सकाळी ओटची पेज, मग मैदानाची निगा.

आपल्या फुटबॉल क्लबचं काय सांगू? उन्हाळ्यात लीग कपात चार सामने, चारही हरलो. स्कॉटिश कपात ज्या गावात मैदानापेक्षा मेंढ्या जास्त, त्या गावाने आपल्याला बाहेर काढलं. काल पुन्हा हरलो, तीन-शून्य. तुझ्या जागी ड्युगलने गोलकीपरचा मेहुणा खेळवला. ड्युगल मॅनेजर आहे, पण जादूगार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दहा संघांत आपण नववे, आणि आपल्याखाली फक्त स्ट्रॅथगॅरी. शेवटचा नंबर ज्याचा, त्याला मे महिन्यात खालच्या लीगच्या विजेत्याशी झुंजायचंय. हरला तो लीगमधून बाहेर. नव्वद-शंभर वर्षांचे क्लब असे एका दुपारी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

म्हणून स्ट्रॅथगॅरीशी झालेल्या त्या एकोणीस जानेवारीच्या सामन्याची गावात अजून चर्चा आहे. तो सामना नसता जिंकलो तर आज आपणच तळाला असतो. तुझा गोल लोक अजून हाताने करून दाखवतात. टपाल कचेरीतली बाई तिकिटं चिकटवता चिकटवता मला म्हणाली, "पोराने पाय दिला, पण क्लब ठेवला." मी मान हलवली. 

इस्पितळात तू मला म्हणालास की स्ट्रॅथगॅरीच्या त्या फिनले टेनंटला सोडणार नाही, कोर्टात खेचीन. दोन्ही पाय पुढे करून आला तो, हे सगळ्या गावाने पाहिलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टर काय म्हणाले ते शोनाने सांगितलं. छपरं दुरुस्त करायला परत वर चढता येईल की नाही, हे वर्षभर कळणार नाही म्हणे. तुझी शिडी मी शेडमध्ये नीट आडवी ठेवली आहे, वाकू नये म्हणून.

मी त्या वेळी गोलच्या मागे होतो. मला नीट दिसलं नाही.

उत्तर लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
हेक्टर काका


कार्नबेग,
१७ मार्च २०१९

चि. गॅव्हिन, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. असू दे. प्लास्टर निघालं हे शोनाने कळवलं. पाय वाळक्या काटकीसारखा झालाय म्हणते. मांस भरतं रे हळूहळू. गवताचंही तसंच असतं.

सामन्यांची बातमी. सहा खेळलो, एक जिंकलो, दोन बरोबरीत, तीन हरलो. स्ट्रॅथगॅरी मात्र तापातून उठल्यासारखी खेळतेय. जानेवारीत त्यांची पाच माणसं खरोखरच तापाने आडवी होती, तुला आठवत असेल. आता सगळी उभी राहिली आहेत. आपल्यात त्यांच्यात चार गुणांचं अंतर आहे आणि ते मेणबत्तीसारखं खाली येतंय.

एक गोष्ट लिहायची होती. लिहू की नको, यात चार दिवस गेले.

मंगळवारी तो आला होता. फिनले टेनंट. मी कडेच्या रेघा आखत होतो, तर फाटकाशी एक पोरगेलासा माणूस टोपी हातात घेऊन उभा. तो बेकरीत काम करतो हे मला ठाऊक नव्हतं. बाह्यांवर पीठ होतं. म्हणाला, "आजोबा, पाच मिनिटं आत येऊ का? ती जागा बघायची होती."

"कसली जागा?"

"जिथे ते झालं ती."

आपल्या गावात कुणी पाहिलं असतं तर त्याला दगड मारले असते. मी त्याला आत घेतलं. तो प्रेक्षकांच्या स्टँडच्या बाजूने, रेघेच्या आत चालत गेला आणि बरोबर त्या जागी थांबला. मला दाखवावी लागली नाही. उकिडवा बसला, गवतावर हात फिरवला. मग म्हणाला, "मी उडी मारलीच नव्हती. थांबायला पाय रोवला, तर पायाखाली काही नव्हतंच. साबणावर उभं राहावं तसं. पुढे पाय माझे नव्हते. कुणाला पटत नाही. आमच्या मॅनेजरलाही नाही. माझ्या आईलासुद्धा नाही, आजोबा. ती म्हणते, चूक झाली तर झाली म्हण."

मी रेघेवर सांडलेला चुना बुटाने सारखा केला.

"तुम्ही इथले. तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवशी इथे निसरडं होतं का?"

मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, "पंचांनी सकाळी तपासलं होतं, बाबा. जमीन चांगली होती."

तो उठला. गुडघ्याची माती झटकली. "मग मीच असणार," म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

घरी आल्यावर मी मावशीला सांगितलं की तो येऊन गेला. ती बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते."

"हं," म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये चाळीस वर्षांचा संसार होता.

जास्त लिहीत नाही. पाय जपून टाक. थंडी पुन्हा वाढली आहे.

काका


कार्नबेग,
सोमवार, २० मे २०१९

गॅव्हिन,

तुझं कार्ड पोचलं. चार महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. सोबत वकिलाचा कागदही मिळाला. तू लिहिलंस, "काका, मैदान उत्तम होतं एवढ्यावर सही करा, बाकीचं ते बघतील. अकरा जूनला तारीख आहे." कागद सहा दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता. शेवटी मावशी म्हणाली, "सही कर नाहीतर करू नकोस, पण त्याला मधे ठेवून मला जेवायला लावू नकोस."

आधी बातमी सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चार तारखेला शेवटचा सामना होता. शून्य-शून्य. आपले एकतीस गुण, स्ट्रॅथगॅरीचे तीस. आपण वाचलो. लोक मैदानात धावले, मला उचललं, माझी टोपी कुणी नेली ती अजून आलेली नाही. कर्ण्यावरून सांगितलं की यंदा आपल्या मैदानावरचा एकही सामना थंडीमुळे पुढे ढकलावा लागला नाही, हे सगळं हेक्टर गिलफिलनचं श्रेय. टाळ्या पडल्या. मी खांद्यावरून खाली उतरायला धडपडत होतो, तर लोकांना वाटलं म्हातारा लाजतोय.

परवा शनिवारी स्ट्रॅथगॅरी खालच्या लीगच्या विजेत्याकडून हरली. गेली लीगमधून बाहेर. त्र्याण्णव वर्षं झाली होती.

आता एकोणीस जानेवारीचं सांगतो. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

आदल्या संध्याकाळी ड्युगल शेडमध्ये आला. "हेक्टर, त्यांची पाच माणसं आजारी आहेत. उद्या खेळ झाला तर तीन गुण आपले. पंचाने रद्द केला, की पुढच्या महिन्यात ते धडधाकट होऊन येतील. उद्या खेळ झालाच पाहिजे."

मी म्हणालो, "थंडी मला विचारून पडत नाही."

तो म्हणाला, "पंच तर तुला विचारूनच फिरतो ना?"

स्टँडच्या सावलीतली ती पट्टी तुला ठाऊक आहे. दहा पावलं रुंद, जानेवारीत तिथे ऊन पोचतच नाही. आपल्याकडची आच्छादनं दोन्ही गोलांपुढेच पुरतात. सकाळी उजाडताना मी तिथे माती उकरायचा काटा रोवून पाहिला तर तो वाजला. लोखंडावर वाजावा तसा. अशा वेळी मैदानाच्या राखणदाराने पंचाला तिथे घेऊन जायचं आणि म्हणायचं, साहेब, नाही होणार. वडिलांनी मला हेच शिकवलं, आणि मी एकेचाळीस वर्षं हेच केलं.

त्या दिवशी मी चहाच्या टपरीतली मोठी किटली घेतली. मीठ घातलेलं गरम पाणी, नऊ फेऱ्या. वरचा दोन बोटांचा थर मऊ झाला. त्यावर वाळू भुरभुरली. अकरा वाजता पंच आला. भला माणूस, लांबून आलेला. मी त्याच्या हातात चहा दिला, आधी उन्हातली बाजू फिरवली, तिथे गवत खरंच छान होतं. गप्पांत ठेवला. सावलीत आलो तेव्हा त्याने टाच रोवली. रुतली. "इथेही मऊ आहे की," म्हणाला. मी म्हणालो, "आहेच."

गॅव्हिन, नुसती गोठलेली जमीन असती तर बरं झालं असतं. खेळाडूला ती पहिल्या पावलाला कळते, तो जपतो. वर मऊ आणि खाली बर्फ, यासारखी वाईट जमीन जगात नाही. पाय रोवला जातो आणि मग वरचा थर सायीसारखा सरकतो. हे मी पोरांना शिकवत आलोय. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला वाटलं, तुम्ही खेळ दुसऱ्या बाजूने चालवाल. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मैदानात दहा पावलं. मला वाटलं, तीन गुण.

सत्तराव्या मिनिटाला तू चेंडू घेऊन त्याच पट्टीतून निघालास. मी गोलच्या मागे नव्हतो. मी स्टँडच्या पायऱ्यांवर होतो, तुझ्यापासून वीस हातांवर. फिनलेने पाय रोवलेला मी पाहिला. तो थांबत होता. गवताचा अख्खा तुकडा त्याच्याखाली सरकला. मग आवाज आला. तो मी लिहीत नाही.

काल ड्युगलला सांगितलं. तो आधी हसला, मग दार लावून घेतलं. "म्हाताऱ्या, तोंड मीट. आपण वाचलोय."

"ते बुडाले त्याचं काय?"

"बुडाले ते बुडाले. आता तू बोललास तर आपणही जाऊ. गुण काढून घेतील. गावाला हे सांगशील? गॅव्हिनला सांगशील? पोराच्या हातात निदान राग तरी आहे, तोही काढून घेणार?"

हे शेवटचं मला लागलं, कारण ते खरं होतं. पण तो राग चुकीच्या दारात उभा आहे, आणि त्या दारात मीच उभा केलाय.

शेडची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

आज सकाळी बसने स्ट्रॅथगॅरीला गेलो. बेकरीच्या मागच्या दाराशी उभा राहून त्याला सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. तो पाव रचत होता, थांबला नाही. ट्रे भरला, दुसरा ओढला. मग म्हणाला, "आजोबा, हे मार्चमध्ये सांगितलं असतंत तर..."

"तर काय, बाळा?"

"एप्रिलमध्ये मी खेळलो असतो. माझ्यावरची बंदी संपली होती. मॅनेजर म्हणत होता ये. मीच गेलो नाही. म्हटलं, आणखी कुणाचा पाय मोडीन." त्याने हात फडक्याला पुसले. "एक गुण कमी पडला हो आम्हाला."

त्याने मला शिवी दिली असती तर मी बसमध्ये तरी बसू शकलो असतो. उभ्यानेच आलो, जागा असून.

वकिलाच्या कागदावर मी सही केलेली नाही. वेगळ्या कागदावर वर लिहिलेलं सगळं नीट मांडलंय आणि त्यावर सही केली आहे. मावशीने साक्षीदार म्हणून खाली नाव घातलं. एक प्रत वकिलाला, एक फिनलेला, एक लीगच्या कचेरीला, आणि एक या पाकिटात. चारही आज टपालात पडतील. हे पत्र वाचून तू फोन करशील, काका, मागे घ्या म्हणशील, तोपर्यंत उशीर झालेला असेल. तो मी मुद्दाम केलाय, कारण तू म्हणालास तर मी मागे घेईन याची मला भीती आहे.

तुझ्या पायाची भरपाई कुणाकडे मागायची ते आता तुला ठाऊक आहे. माझ्याकडे घर आहे आणि हात आहेत. वकिलाला तसं सांग. मी हजर राहीन, अकरा जूनला आणि त्यानंतर जेव्हा बोलावशील तेव्हा.

नऊ वर्षांचा होतास, आई गेल्यावर आमच्या दाराशी आलास, आणि विचारलंस की मी तुम्हाला काय म्हणू. मी म्हणालो होतो, काका म्हण. तो शब्द मी तुला दिला होता, तेव्हा परत मागायचा हक्क मला नाही. पण आज तो माझ्या हाताने खाली लिहवत नाही. ठेवायचा की टाकायचा ते तू बघ.

मावशीचे आशीर्वाद आहेत. तिचे घे.

हेक्टर गिलफिलन