आमच्या जावयाचं बंदर

शेलूबाजार, ता. मंगरूळपीर
हळद घराबाहेर पडली त्या आठवड्यात

चि. जावईबापू प्रज्वलराव यांस,

तुमचे सासरे जगदेव यांचे आशीर्वाद. तुमी मोठे साहेब असल्यामुळं आशीर्वादासंगं एक नमस्कार बी पाठवून राह्यलो. दोहीतला जो तुमच्या हुद्द्याले शोभल तो ठेवून घ्या, दुसरा वापस करा, इकडं कामी पडते.

आमी सगळे खुशाल आहो. तुमच्या सासूबाईचा गुडघा दुखते, पण जिभेले काही तकलीफ नाही. म्हैस व्याली, वगार झाली. आमच्या लेकीची, वर्षाराणीची तब्येत कशी आहे? अन् तुमची? समुद्राच्या हवेनं लोखंड बी गंजते असं तुमीच एकदा सांगतलं होतं, तवा माणसानं जरा जपून राहावं. पत्र काहून लिहिलं म्हणाल, तर फोन केला का तुमी मीटिंगमधी असता. मीटिंगमधी पत्र वाचता येत असल असा माझा अंदाज आहे, कारण आपल्या पंचायत समितीत तर मीटिंगमधी लोक झोपा बी काढतात.

आता मुद्द्यावर येतो. दिवाळीले आपल्या ओट्यावर बसून तुमी जे भाषण केलं ते तुमाले आठवत असल. नसल आठवत तर मले पाठ आहे. देशात मोठी बंदरं बारा. कांडल्याले तेल उतरते, पारादीपहून खनिज जाते, कोचीनहून मसाला, विशाखापट्टणमले पाणी खोल, अन् आमचं न्हावाशेवा म्हणजे डब्यांचा राजा (तुमी कंटेनर म्हणले होते, पण गल्लीनं डबाच ऐकला). देशाचा शंभरातला पंच्याण्णव हिस्सा माल समुद्रावरून येते-जाते. हे सगळं तुमी इतक्या शुद्ध मराठीत सांगतलं का शेजारचा फुलचंद मांडी बदलून बसला. फुलचंद म्हणजे कसा माणूस, तुमाले ठाऊक आहे. त्यानं इचारलं का उरलेला पाच हिस्सा एसटीनं जाते काय. मंग आणखी इचारलं का तिकडं कांडल्याले पामतेलाचं जहाज उतरलं का इकडं आमच्या सोयाबीनचा भाव काहून उतरते. तवा तुमी चहाचा कप खाली ठेवला अन् म्हणले, "हा धोरणात्मक विषय आहे." त्या शब्दानं फुलचंद गप झाला. मले तर असा आनंद झाला का बस, कारण फुलचंदले गप करणारा माणूस आपल्या घरात जावई म्हणून आला होता.

त्याच बैठकीत तुमी म्हणले का बाबा, तुमच्या शेतकरी गटाची हळद थेट दुबईला जाईल, गेटवर फक्त माझं नाव सांगा. हे तुमी म्हणले अन् उठून जेवाले गेले. पण बापू, सासरा गटाचा अध्यक्ष असला का त्याच्यासमोर अशी वाक्यं टाकून जेवाले जात नसतात. गटाच्या लोकांनी ते वाक्य उचललं. हळद निघाली, उकळली, वाळली, पॉलिश झाली, अन् कोणी बाजारात नेईना. व्यापारी घरी येऊन गेला तर लोक त्याले सांगत का आमची दुबईले जाऊन राह्यली. घराघरात पोत्यांची थप्पी, पिवळी धूळ, लेकरं बी पिवळी. मी तुमाले फोन लावला तर तुमी म्हणले, विशाखापट्टणम बंदराच्या दौऱ्यावर आहे. मी फुलचंदले म्हणलो का साहेब गावाले गेले तरी त्यांचं नाव तर गेटवरच असल. म्हणून आमी दोघं हळदीचं एक पोतं नमुना म्हणून घेऊन कारंज्याहून ट्रॅव्हल्सनं निघालो.

(हो, आमी आलतो. तुमी आता चहा पेत असाल तर कप खाली ठेवा.)

गेटवर बंदूकवाला जवान होता. बिचारा भला माणूस. मी त्याले तुमचं नाव सांगतलं. त्यानं इचारलं, कोण प्रज्वल. मी म्हणलो, तुमचे साहेब. तो म्हणे, कोणत्या कंपनीचे. आता मले हे कुठं ठाऊक, मी तर समजत होतो का बंदर म्हणजेच कंपनी अन् तुमी म्हणजेच बंदर. त्यानं पास मागितला. मी हळद दाखवली. त्यानं हुंगली, चांगली आहे म्हणे, पण आत जाता येणार नाही, अन् आमाले प्याले पाणी देऊन झाडाखाली बसवलं. तथी ट्रेलरची ही मोठी रांग. शेवटचा ट्रेलर दिसला नाही. फुलचंद म्हणे, जगदेवभाऊ, देशाचा व्यापार समुद्रावरून जात असल, पण तथी जावाच्या आधी तो इथी बसून बिड्या ओढते.

रांगेतल्या एका ड्रायव्हरनं आमची बोली ऐकली अन् काच खाली केली. आपल्या वाशीमकडच्या मालेगावचा गुलाबसिंग. आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला म्हणून मले भरून आलं. मी त्याले तुमचं नाव, गाव, सगळं सांगतलं. गुलाबसिंग म्हणे, "कारंज्याचा प्रज्वल? डबे धुते तो? आत्ताच यार्डात पाह्यला मी त्याले."

मी म्हणलो का आमचा प्रज्वल येगळा, आमचा विशाखापट्टणमले आहे. गुलाबसिंगनं आमच्यासाठी रांग सोडली, आमाले केबिनमधी बसवलं अन् आमी तुमच्या यार्डाकडं निघालो. रस्त्यानं मी समुद्र पाहाले मान ताणत होतो. समुद्र काही दिसला नाही. लांब नुसत्या क्रेना, मानेनं उंटावानी. जिकडं तिकडं डबे, एकावर एक, निळे, लाल, तपकिरी, आपल्या सगळ्या गावाची घरं रचली तरी एवढी थप्पी होणार नाही. गुलाबसिंग म्हणे, यातले अर्धेअधिक रिकामे. माल उतरते, डबा रिकामा होते, मंग तो धुवा लागते, नाहीतर मासोळीच्या डब्यात कोणी चहापत्ती भराले तयार होत नाही. मी म्हणलो, रास्त आहे.

यार्डाच्या जाळीबाहेर त्यानं गाडी हळू केली. एका उघड्या डब्यात माणूस पाठमोरा उभा होता. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडाले फडकं, हातात पाइप. मी कानावरून ओळखलं. (तुमचे कान मी मुलगी दाखवाच्या दिवशीच ध्यानात ठेवले होते. सासऱ्यानं सगळं पाहून ठेवा लागते.) डब्यातून असा वास येत होता का फुलचंदनं हळदीच्या पोत्यात नाक घातलं. तेवढ्यात एक पोट्टा, तुमच्यापेक्षा लहान, हातात पेन घेऊन आला अन् तुमच्यावर वरडला का कोपऱ्यात डाग राह्यला. अन् तुमी म्हणले, "हो साहेब, करतो."

मी हाक मारली नाही. गुलाबसिंगनं हॉर्न वाजवाले हात नेला होता, तो मी धरला.

आता नीट वाचा. मले तुमच्या कामाची लाज वाटली नाही. मी सोता रोज सकाळी शेणात उभा राहतो, अन् शेणाले मासोळीपेक्षा काही फार चांगला वास नसते. पण दिवाळीच्या त्या आवाजाची मले सवय झाली होती. तो आवाज त्या डब्यात नव्हता. तुमी वळले असते अन् मी समोर दिसलो असतो, तर मले दोघांचं तोंड पाहा लागलं असतं, तुमचं बी अन् माझं बी. राग तर इतका आला होता का तिथल्या तिथी बाराही बंदरं तुमच्याकडून वदवून घ्यावी वाटली. पण पाहुणपणाले गेलेल्या सासऱ्यानं यार्डात तमाशा केला तर नाव कोणाचं खराब होते? माझंच.

वापस येताना फुलचंद टोपी डोळ्यावर ओढून बसला. मी समजलो, हा मसाला साठवून राह्यला, गावात गेल्यावर फोडणी देणार. शेलूबाजारच्या स्टँडवर गटाचे सगळे उभे. माझ्या तोंडातून काही निघायच्या आधी फुलचंद पुढं झाला अन् म्हणला, "जावयाचा हात फिरल्याशिवाय तथी एक डबा हालत नाही. म्या डोळ्यानं पाह्यलं."

यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून मी बी मान डोलावली. हळदीचं काय, असं लोकांनी इचारलं तर तो म्हणे, हा धोरणात्मक विषय आहे. लोक गप झाले. हळद मंग वाशीमच्या बाजारात नेली. व्यापाऱ्यानं हसत इचारलं, काय भाऊ, दुबई? मी म्हणलो, जहाज भरून गेलं होतं. त्यानं बी मंग मनाले येईल तसा भाव लावला, अन् थप्पीवाल्या प्रत्येक घरानं त्या तोट्याची याद ठेवली आहे.

पण फुलचंदच्या त्या एका वाक्यानं पुढचा घोळ झाला. सरपंच मोतीबाईनं एक मेच्या झेंड्याले शाळेत तुमचं व्याख्यान ठेवलं अन् पंचायतीच्या फळ्यावर लिहून टाकलं का बंदर खात्याचे मोठे साहेब मार्गदर्शन करतील. दुसऱ्याच दिवशी तांड्यावरचे दौलतसिंग दहा-बारा माणसं घेऊन माझ्या ओट्यावर हजर. त्यांच्या बोलीत बंदर म्हणजे वानेर. औंदा वानेरांनी त्यांची तूर उभी खाल्ली, वनखात्यात चकरा मारून चपला झिजल्या, अन् आता बंदर खात्याचा साहेब आपल्याच गावचा जावई निघाला म्हणून ते पिंजरे मागाले आले होते. मी त्यांना चहा पाजला अन् समजावून सांगतलं का हे बंदर येगळं, इथून जहाजं जातात, देशाचा पंच्याण्णव हिस्सा व्यापार होते. दौलतसिंगनं सगळं शांतपणे ऐकलं अन् इचारलं, "मंग त्या बंदराचा आमाले काय उपयोग?"

बापू, याचं उत्तर तुमी एक मेले द्या.

घरी मी सोजरबाईले, म्हणजे तुमच्या सासूबाईले, काही सांगाचं नाही असं ठरवलं होतं. बायामाणसाले धक्का बसते. जेवताना मी म्हणलो का प्रज्वलराव लय कामात होते, भेट झाली नाही. सोजरबाईनं भाकर थापता थापता म्हणलं, "त्यांच्या हाताले मलम लावते का नाही वर्षा? दिवाळीले सालपटं निघत होती." मंग कळलं का लेकीनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मायले सगळं सांगतलं होतं. मी इचारलं, मले काहून नाही सांगतलं. ती म्हणे, तुमी ओट्यावर इतके खुश दिसत होते, म्हणलं राहू द्या.

म्हणजे या सगळ्या व्यापारात रिकामा डबा मी एकटाच होतो.

तरी एक मेले या. तेच भाषण करा, त्याच आवाजात. फक्त पामतेलावर फुलचंदनं इचारलं तर धोरणात्मक म्हणू नका, तो शब्द आता गावात सगळेच वापरून राह्यले, उधारी मागाले गेलं तरी. वर्षाराणीले आणा. मलमाची डबी सासूबाईनं काढून ठेवली आहे.

तुमचा सासरा,
जगदेव

ता.क. आता पत्राचं खरं कारण. तुमचा साळा विनोद भूगोलात एम.ए. झाला, कॉलेजात तासिकेवर शिकवत होता, ते बी या सालापासून बंद झालं. घरी बसून भिंतीकडं पाहते. वर्षाराणी मायले फोनवर म्हणे का तुमच्या यार्डात एक जागा निघून राह्यली. त्याच्यासाठी शब्द टाका. त्याले बाराही बंदरं पाठ आहेत, कोणत्या बंदराले पाणी किती खोल हे बी सांगते. धुवाचं तेवढं तुमी शिकवा. गावात आमी सांगू का खात्यात लागला. वरचं सगळं ओघात लिहिलं, मनाले लावून घेऊ नका.

ता.क. दुसरा. विनोद लागला तर त्याच्यावर वरडाचं काम तुमी मागून घ्या. त्याले कोणाले तरी साहेब म्हणाच लागणार आहे, तर मंग घरचा माणूस काय वाईट.