बिनअंड्याच्या केकवरची लवंग

आई, दुपारचा चहा समोर गार झालाय आणि मी तुला लिहायला बसले आहे. तू जाऊन वीस वर्षं उलटून गेली. हे कागद कुठं टाकायचे हेही मला माहीत नाही, पण आत्ता घरात धड बसवत नाही आणि उठून कुठं जाववतही नाही. यांना सांगावं तर म्हणतील, एवढं काय त्यात, केकच तर आहे. केकच आहे, खरं आहे. पण तुला सांगितलं असतं तर तू कपाळाला हात लावला असतास, आणि आज मला असं कपाळाला हात लावणारं माणूस हवं आहे.

यंदा नाताळाच्या भेटवस्तू घरीच करायच्या असं मी दिवाळीतच ठरवलं. कुपवाडच्या कारखान्यातला यांचा ओव्हरटाइम बंद झाला, त्यात उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं, तेव्हा हात आखडता घेणं भाग होतं. हल्ली दुकानात हॅम्पर म्हणून मिळतं ते तू पाहिलेलं नाहीस. एक टोपली, तिच्यात कागदाचं गवत, गवतावर चार चॉकलेटं ठेवलेली आणि वरून चकचकीत कागद. गवताचेच पैसे द्यायचे तर आपण काय वाईट करतो, म्हणून मी बुरुडाकडून छोट्या टोपल्या आणल्या. तासगावचे बारीक बेदाणे घेतले, ते मोठ्यांपेक्षा स्वस्त मिळतात आणि केकमध्ये गेल्यावर कोण त्यांची उंची बघतंय. भडंग केलं, गुळाची चिक्की थापली. महाबळेश्वरला टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या धाकट्या भावानं मऊ पडलेल्या स्ट्रॉबेऱ्या पाठवल्या, त्यांचा जॅम केला आणि वर्षभर साठवलेल्या कॉफीच्या बाटल्या उकळून त्यांत भरला. टोपलीवर झाकायला आपल्या कपाटातले ब्लाउजपीस. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला शेजारणींनी दिलेल्या ब्लाउजपीसांची थप्पी माझ्याकडं आहे, त्यातले बरे निवडले. विहिणीच्या टोपलीवर घातलेला तिनंच लग्नात दिलेला तर नाही ना, हे मात्र दोनदा बघून घेतलं.

विहीण म्हणजे लेकीची सासू. कडेगावजवळ त्यांचा ऊस आहे, व्याही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरांनी पुण्यात नोकरी करता करता आपापसात ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. आम्ही चर्चला जाणारी माणसं, ते देवघरवाले. भांडण कुणीच केलं नाही, पण गेले सात-आठ महिने ती बाई माझ्याशी मोजकंच बोलते. लेक आता त्यांच्याच घरी राहून तालुक्याला नोकरी करते. फोनवर "सगळं छान आहे" म्हणते. तिच्या छान आहे म्हणण्याचा मला कधीच भरवसा वाटलेला नाही, लहानपणी ताप असतानाही ती हेच म्हणायची.

तर काल आम्ही दोघं टोपली घेऊन मोटारसायकलवर कडेगावला गेलो. विहिणीनं टोपली ओसरीवर ठेवून घेतली, एकेक वस्तू काढून बघितली आणि केकपाशी थांबली. म्हणाली, "आवं विहीणबाई, ह्यात अंडं न्हाई नव्हं? उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार हाय. सांजच्याला सवाशिणी येणार हायत, केळं आन् दूध तर देणारच हाय मी. पर म्हटलं, आमच्या विहिणीच्या घरचं बी कायतरी त्यास्नी द्यावं." आई, लेक तिच्या मागं उभी होती आणि तिचा चेहरा असा उजळला की लग्नातही तो मी तसा पाहिला नव्हता. मी ताठ मानेनं सांगितलं, "खास तुमच्यासाठी बिनअंड्याचा केलाय. वर लवंग टोचलीय ना, ती त्याचीच खूण." येताना गार वाऱ्यातसुद्धा मी यांच्या पाठीमागं बसून गाणं म्हणत होते.

आणि आज दुपारी यांनी घरातला केक कापला. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "यंदा अंडी घालायला विसरलीस काय? दह्याचा लागतोय." मी तुकडा तोंडात टाकला. दह्याचाच होता. भुसभुशीत, अंड्याचा वास नाही. म्हणजे अंड्याचा केक लवंग लावून कडेगावला गेला आणि आत्ता तो त्यांच्या पूजेजवळ बसलाय. तेव्हापासून मी आठवतेय. बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यायचे दोन डबे ओट्यावर होते, दोन्ही एका मापाचे. तेवढ्यात लेकीचा फोन आला, ती टोपलीत काय काय घातलं ते विचारत होती, आणि मी फोन मानेत धरून जवळच्या डब्यात लवंग रोवली. कुठला जवळ होता ते मी बघितलंच नाही. एवढ्याशा कामात तू कुणाशी बोलली नसतीस.

ती खूण तुझीच. साताऱ्याचं आपलं दोन खोल्यांचं घर, तू मुलींच्या वसतिगृहातला स्वयंपाक उरकून आलेली, पदराला कांद्याचा वास. नाताळ दोन दिवसांवर आलेला असतो आणि तू एक परात बाजूला काढून ती राखेनं घासतेस, मग चिंचेनं घासतेस. त्या परातीत समोरच्या काकूंचा केक कालवायचा. त्याला अंड्याचा चमचासुद्धा लागू द्यायचा नाही. मग वर मधोमध लवंग. दोन्ही डबे डोक्यावरच्या पाटीत घेऊन तू बेकरीकडं निघतेस आणि मी तुझा पदर धरून मागं. काकू दारात ताट घेतात, "कशाला गं एवढं करतीस" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ताटात साखर घालून परत पाठवतात.

मग एका वर्षी मी चेंडू आणायला त्यांच्या गोठ्यात गेले आणि घमेल्यात कडब्याबरोबर तुझा केक पाहिला. लवंगेसकट. मी धावत येऊन तुला सांगितलं, म्हटलं पुढच्या वर्षी त्यांना अंड्याचाच दे, नाहीतरी गायच खाते. तेव्हा तू मला मारलंस. हळू मारलंस, पण मारलंस. आणि मग चुलीपाशी बसून म्हणालीस, "मला ठाव न्हाई व्हय? खायाचं का न्हाई ते त्यांच्या मनावर. पर एखाद्या वर्सी त्यांनी इश्वासानं तोंडात घातला आन् त्यात अंडं निघालं, तर मी त्यास्नी तोंड कसं दावू?" मला ते अजिबात पटलं नव्हतं. मला तुझा रागच आला होता, गायीसाठी परात घासते म्हणून. पुढं तू दरवर्षी केक देत राहिलीस आणि मी गोठ्याकडं बघायचं सोडलं.

तुझ्या आयुष्यात न आलेलं ते वर्ष माझ्या वाट्याला आलंय. एक बाई विश्वासानं खाणार आहे, नुसती खाणार नाही, चार बायकांना बोलावून वाटणार आहे. आणि त्यात अंडं आहे. फोन केला नाही तर कुणालाही कळणार नाही. तिथं अंड्याचा वास ओळखणारं माझ्या लेकीशिवाय कोण आहे, आणि तीही सासूबरोबर उपास धरून बसलीय, खाऊन बघणार कशी? आणि फोन केला तर काय म्हणतील? ह्या लोकांना एवढंही पाळता येत नाही म्हणतील. मला बोलू देत, पण माझ्या पोरीला रोज त्या घरात वावरायचंय. काल दिसलेला तो चेहरा मला पुन्हा विझलेला बघवणार नाही. मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. मग ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. हे पेपर वाचतायत, म्हणतात, "अगं बस की एका जागी." ऊन कलायला लागलंय. सवाशिणी दिवेलागणीला येतील.

थांब, करून येते.

केला. विहिणीनंच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं की केक बदलला, त्यात अंडं आहे, वाटू नका. पलीकडं भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं झालं बया, येळंत सांगितलंसा. कापला न्हाई अजून. आता आत ठिवते, उद्या आमचं सुभेदार खात्याल, त्यास्नी तर अंड्याबिगर दिवस उगवत न्हाई." मी माफी मागायला लागले तर मला थांबवून म्हणाली, "पर मी बायास्नी सांगून बसलीया, विहिणीकडचं खायाला देणार म्हणून. तुमची चिक्की हाय की. गूळशेंगदाणं, उपासाला बी चालतंय. तीच वाटते." आई, मला रडू आलं. लेकीचा आवाज मागून ऐकू येत होता, ती कुणाला तरी रांगोळीचा डबा विचारत होती, अगदी त्या घरातलीच असल्यासारखी.

मग विहिणीनं विचारलं, "पर आसं झालं तरी कसं वो?" आणि मी म्हणाले, "भट्टीवाल्यानं डबे बदलले."

का म्हणाले मला माहीत नाही. खरं जिभेवर आलं होतं आणि हे बाहेर पडलं. ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या. कामाच्या गडबडीत हुतंय माणसाकडनं. त्येला माझ्यासाठी काय बोलू नगासा." मी "बरं" म्हणाले.

त्या बिचाऱ्यानं मी दिले तसे डबे भाजून मला परत दिले होते, कागदसुद्धा हलू दिला नव्हता. उद्या पाव आणायला मी दुसऱ्या बेकरीत जाणार आहे.