‘गळतंय’ म्हणण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, धंद्याने लेखिका, वयाने म्हातारी आणि स्वभावाने खडूस बाई, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सकाळी डॉक्टर येऊन तपासून गेले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची मी बरोबर उत्तरं दिली आणि वर त्यांच्या दाखल्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. माझी बुद्धी शाबूत असल्याची त्यांची खात्री पटली. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. शेवटचं मी रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात पुतण्याला फक्त माझी छत्री ठेवली होती. तो राग आता उरला नाही. का, ते पुढे येईल.

खरं तर हा कागद एकाच गोष्टीसाठी आहे. नदीकाठच्या होडीकारांवर मी लिहिलेली कादंबरी आणि त्यांचं एक गाणं माझ्यामागे कोणाच्या हाती पडणार, हे ठरवण्यासाठी. पण वकीलबाई म्हणाल्या, “आधी घर लिहा. नाहीतर लोक घरावरून भांडत बसतील आणि पुस्तकाकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.” बाई बरोबर बोलतात, म्हणून घर आधी.

कलम पहिले. मी राहते ते घर, मागच्या अंगणासह, माझ्या धाकट्या जाऊबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला मिळावं. जाऊबाईंनी मला अर्धं आयुष्य पाण्यात पाहिलं. “लोकांच्या घरात डोकावायचं आणि त्याला साहित्य म्हणायचं,” हे त्यांचं माझ्या व्यवसायाबद्दलचं मत त्यांनी भाजीवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. तरीही माझ्या दुखण्यात माझं अंथरूण त्यांनीच बदललं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि घर त्यांचंच आहे. नदीकडच्या खिडकीला पडदा लावू नये, एवढीच विनंती.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने उरकावा. उरेल ते पुतण्याचं.

कलम तिसरे. माझी होडी पुतण्याला. ती मी होडीकारांच्या वस्तीतूनच विकत घेतली. तिने महिन्यातून एकदा तरी पाणी बघावं आणि जाऊबाईंना पलीकडे फिरवून आणावं. त्या नको म्हणतील. तरी न्यावं. माझं लिहिण्याचं टेबल त्याच वस्तीतल्या थोरल्या मिस्त्रींच्या नातीला. त्याचा एक पाय आखूड आहे. मी जन्मभर त्याखाली पुठ्ठा घातला. ती होडीकारांची पोर आहे, पाय नीट करूनच घेईल.

आता मुद्द्यावर येते.

कलम चौथे, म्हणजे हक्कांचं कलम, समजायला आधी थोडं सांगावं लागेल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात. मी दुसरं काही शिकलेच नाही.

नदीकाठच्या वस्तीत होड्या बांधणारे लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, लग्नं लावायची रीत वेगळी. आमच्याशी बोलताना ते आमचे शब्द वापरतात, पण अर्थ त्यांचेच ठेवतात. होडी बांधून झाली की ती लगेच नदीत सोडत नाहीत. जमिनीवरच ओंडक्यांवर ठेवून तिच्यातच काठोकाठ पाणी भरतात. मग सगळी वस्ती तिच्याभोवती फिरते, वाकून वाकून तिच्या पोटाखाली बघते. कुठे थेंब दिसला तर “गळतंय” म्हणायचं. कोणीही म्हणावं, अगदी रस्त्याने जाणाऱ्यानेही. बांधणाऱ्याने “तुला काय कळतं?” असं उलट विचारायचं नाही. मात्र म्हणणाऱ्यानेही थेंबावर बोट ठेवून दाखवायचं. नुसतं “गळतंय” म्हणून निघून जायची मुभा नाही. शेवटी थोरले मिस्त्री फळ्यांवरून हात फिरवतात, तळवा सगळ्यांना दाखवतात आणि एकच शब्द बोलतात, “कोरडी.” त्यांच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. जिच्याबद्दल हा शब्द निघतो तिच्यात लोक आपली मुलंबाळं बसवतात.

मी त्यांच्यावर कादंबरी लिहिली आणि हस्तलिखित मोठ्या ऐटीत थोरल्या मिस्त्रींना दाखवायला नेलं. मला वाटलं, ते भारावून जातील. त्यांनी बाड हातात घेऊन वजन पाहिलं.

“आमच्यावर लिहिलंयस ना?”

“हो.”

“मग भर पाणी.”

तेव्हापासून दर रविवारी मी वस्तीत बसून एकेक प्रकरण मोठ्याने वाचलं. लोक काम करता करता ऐकायचे. पहिल्याच पानावर मी त्यांना ‘साधीभोळी माणसं’ म्हटलं होतं. डांबर ढवळणाऱ्या एका म्हाताऱ्या आत्याबाई न थांबता म्हणाल्या, “गळतंय.”

“कुठे?” मी विचारलं.

“भोळी म्हणालीस तिथे. तुला होडी दुप्पट भावाने विकली, ती आम्ही भोळे म्हणून का?”

सगळी वस्ती हसली. मीही हसले, जरा उशिरा. तो शब्द गेला. त्याच्यामागोमाग बरंच काही गेलं. त्यांच्या बाया गप्प बसतात असं मी लिहिलं होतं, कारण माझ्यासमोर त्या गप्प बसत. जिथे जिथे मी त्यांची कीव केली होती तिथे तिथे कोणीतरी बोट ठेवलं. माझ्या प्रकाशकांच्या नाकी नऊ आले, पण पुस्तक दर रविवारी थोडं थोडं त्यांच्या अंगाला बसत गेलं. मला ते लोक ‘वाचणारी’ म्हणू लागले.

त्याच काळात त्यांनी एक जुनी होडी मोडायला काढली. होडी मोडताना ते एक गाणं म्हणतात. मी तिथेच बसले होते, मला कोणी उठवलं नाही. गाणं संपल्यावर थोरले मिस्त्री माझ्याजवळ आले.

“ऐकलंस, हरकत नाही. लिहू नकोस.”

“नुसते शब्दसुद्धा नको?”

“तुमच्याकडे कोणी गेलं की बाया रडतात. ते कोणी उतरवून घेतं का?”

कादंबरीतला तो सगळ्यात मोठा प्रसंग होता. मी तिथे एवढंच लिहिलं: ‘त्या संध्याकाळी गाणं झालं. ते मी ऐकलं.’ पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं आहे.

पुस्तक निघालं आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात त्याची पार सालटी काढली. ‘ऐन प्रसंगी लेखिकेची लेखणी आटते. हवं तिथे ओलावा नाही. ही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरडी आहे.’ मी ते वाचून डोळे पुसत वस्तीत गेले. मला वाटलं, त्यांची माफी मागावी, मला जमलं नाही म्हणून सांगावं.

तिथे काम बंद होतं. लोक नाचत होते. थोरल्या मिस्त्रींची नात ओंडक्यावर उभी राहून तेच वर्तमानपत्र वाचून दाखवत होती आणि ‘पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरडी’ या ओळीला सगळे आरोळी ठोकत होते. तीच ओळ तिला पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते. आत्याबाईंनी मला मिठी मारली आणि माझी साडी डांबराने कायमची रंगवली. थोरले मिस्त्री दिसेनात. कोणीतरी म्हणालं, ते धुतलेला सदरा घालून प्राध्यापकांचे आभार मानायला गेलेत.

तिकडे काय झालं ते प्राध्यापकांनी मला पुढे स्वतःच सांगितलं. मिस्त्री त्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, फार मोठं बोललात. आमच्यात हा शब्द उच्चारायला माणूस दहादा विचार करतो. उद्या बुडाली तर बोलणाऱ्यालाही जाब विचारतात.” प्राध्यापकांनी त्यांना आत बसवलं. चहा दिला, दारापर्यंत सोडायला आले. मग आठवडाभर झोप लागेना, तेव्हा माझ्याकडे येऊन बसले. “मला त्यांना खरं सांगवलं नाही हो,” म्हणाले.

खरं मीच सांगितलं. मिस्त्रींना वाईट वाटेल म्हणून शब्द तोलून मापून सांगितलं. ते खदाखदा हसत सुटले. “शब्द तोच बोलला ना? मग आता निस्तरू दे त्याला.” प्राध्यापकांनी ते फार नीट निस्तरलं. दुसऱ्या आवृत्तीचं वाचन वस्तीत झालं तेव्हा ते पहिल्या दिवसापासून हजर होते. पँट वर दुमडून खाली बसायचे. आज शिकवताना ते त्या दोन वाक्यांच्या पानापाशी थांबतात आणि वर्गालाही थांबवतात, असं त्यांचे विद्यार्थी मला येऊन सांगतात. मी जिंकले, आणि हे मी विनयाने वगैरे अजिबात सांगत नाही. त्या परीक्षणाचं कात्रण मी चौकटीत बसवून त्यांच्या नावे ठेवणार होते, पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. म्हणून जिवंतपणीच देऊन टाकलं. त्यांनी ते दिवाणखान्यात लावलं आहे.

थोरले मिस्त्री आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

आता पुतण्या. गेल्या वर्षी त्याने सिनेमावाली मंडळी घरी आणली. त्यांना कादंबरी हवी होती, पण गाण्यासकट. पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणाला, “काकू, एक गाणं तर आहे. तुम्हाला पाठ आहे. एकदा म्हणा, मी घेतो.” छत्रीचं मृत्युपत्र त्याच रात्रीचं. मग मी घाबरलेसुद्धा. मी गेल्यावर कादंबरीचे हक्क याच्याकडे जाणार आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी मनाचं गाणं रचून घालणार. म्हणून मी हे कलम लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा होता: ‘ते गाणं कोणीही, कुठेही, कधीही लिहू, छापू अथवा चित्रित करू नये.’ मला तो लोखंडासारखा पक्का वाटला.

पण वस्तीची रीत माझ्याही अंगात मुरली आहे. मसुदा घेऊन मी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. वस्तीतली मंडळी आली, प्राध्यापक, डॉक्टर, वकीलबाई आले, जाऊबाई दारात उभ्या राहिल्या आणि पुतण्या तोंड पाडून पायरीवर बसला. मी वाचलं. वस्तीतले लोक माना डोलावत होते. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

“गळतंय.”

“तू गप्प रे,” जाऊबाई म्हणाल्या.

“बोट ठेव,” मिस्त्रींची नात म्हणाली.

पुतण्या उठला, माझ्यापर्यंत आला आणि त्याने खरंच कागदावर बोट ठेवलं. “इथे. ‘कोणीही’. काकू, गाणं यांचं आहे. उद्या यांनाच ते लिहावंसं वाटलं तर? त्यांना नाही म्हणणाऱ्या तुम्ही कोण?”

वस्तीच्या बाजूने जन्मभर वाद घालणारी मी, आणि त्यांच्याच दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवायला निघाले होते. आणि ते दाखवलं माझ्या पुतण्याने. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी ‘कोणीही’ वर तिथल्या तिथे काट मारली. तेव्हा कलम चौथे आता असं:

कादंबरीचे सर्व हक्क होडीकारांच्या वस्तीच्या सभेला मिळावेत. सिनेमा करायचा की नाही, कोणी आणि कसा, हे ते ठरवतील. गाण्याबद्दल मी काहीही ठरवत नाही, कारण ते माझं नाही. मी ते कोणाला म्हणून दाखवलं नाही आणि दाखवणार नाही. वस्तीतल्या कोणाला ते लिहायचं असेल तर या कागदाची त्याला आडकाठी नाही. मूळ हस्तलिखित, सगळ्यांनी बोटं ठेवलेल्या खुणांसकट, त्यांच्याकडेच राहावं.

कलम पाचवे. ‘गळतंय’ म्हणण्याचा हक्क मी आमच्या गल्लीला ठेवून जाते, कारण आता तिला तो लागणार आहे. मिस्त्रींची नात पुस्तक लिहिते आहे आणि ते आमच्यावर आहे. गेल्या रविवारी तिने आमच्या घरी पहिलं प्रकरण वाचलं. ‘या लोकांत पाहुण्याला बसा ना म्हणू लागले की पाहुण्याने उठायचं असतं.’

“गळतंय,” जाऊबाई ताडकन म्हणाल्या. “आम्ही मनापासून बसा म्हणतो.”

“बोट ठेवा, काकू.”

“ठेवेन की. सावकाश. तू बस ना,” असं म्हणत जाऊबाईंनी तिच्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि दिवा बंद करायला उठल्या.

वाक्य राहिलं. मी इतकी हसले की डॉक्टरांना बोलवावं लागलं. ती माझ्यावर एक प्रकरण लिहिणार आहे. मी तोवर असेनच असं नाही. माझ्या वतीने पुतण्याने ऐकावं आणि कीव दिसली तिथे बोट ठेवावं. बाकी तिने मला खडूस म्हटलं तर तो थेंब नाही.

कलम सहावे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मला नेताना कोणी गाऊ नये. वस्तीतल्या मंडळींना वाटलं तर मात्र त्यांना कोणी अडवू नये.

वरचा सगळा मजकूर दुरुस्तीनंतर पुन्हा सर्वांदेखत मोठ्याने वाचला. मला मान्य आहे.

स्थळ: माझ्या घराचं मागचं अंगण.
दिनांक: वस्तीतली नवी होडी पाण्यात गेली तो सोमवार. आकड्यांतली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली.

सही: वाचणारी (कायद्याला हवी ती सही शेजारी केली आहे)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. दाखला त्यांच्या सूचनेवरून पुन्हा लिहिला.

साक्षीदार दुसरा: प्राध्यापक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्याआधी वस्तीतल्या मंडळींनी मला कागदावरून हात फिरवायला लावला आणि तळवा सगळ्यांना दाखवायला सांगितलं. या वेळी अर्थ माहीत असून, दहादा विचार करून, जबाबदारीने लिहितो: कोरडं.