कोल्ड रूममधला स्वेटर

प्रिय दादा,

लॅब सोडून मी विद्यापीठाच्या संशोधन-निधी कार्यालयात गेले, तेव्हा तू किती भडकला होतास! "इतकी वर्षं एका प्रोटीनचे स्फटिक बनवण्यामागे घालवलीस, आता दुसऱ्यांचे अर्ज सुधारणार? मग माझा स्वेटर परत दे!" लॅबच्या फ्रिजसारख्या गार कोल्ड रूममध्ये मी कुडकुडू नये म्हणून तूच तो आणला होतास. मी दिला नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी अर्ज घेऊन आली. प्रोटीन तेच, माझ्या नळीत दरवेळी दुधासारखं नासणारं. ते का नासतं हे तिने शोधलं होतं, पण भीतभीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं. म्हटलं, "अगं, हे पहिल्या पानावर घे. कुठे बिघडतं ते कळलेली तू एकटीच आहेस." निधी मिळाला.

आज तिने मला ओढतच कोल्ड रूममध्ये नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक चमकत होते. मला वाटलं, मीठच असणार. मीठ नव्हतं, दादा, माझंच प्रोटीन होतं!

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी येशील तेव्हा तुझं तोंड बघत सांगायचंय.

आणि स्वेटर मागू नकोस. थंडीने तिचे दात वाजत होते, तरी बाई बाहेर यायला तयार नव्हती. मी तो तिच्या अंगावर चढवून आले.

तुझी हट्टी,
धाकटी