सौर दिव्याची मखमली खोळ

धुळे, शुक्रवार संध्याकाळ, मार्च १९९१

किळस अजून जात नाही. धरणाच्या पाण्याने बेट करून टाकलेल्या पाड्यावर काल सौर दिव्याचं उद्घाटन होतं. साहेब येण्याआधी धूळ बसू नये म्हणून आपल्या कचेरीने आठ दिवस त्याच्या ऊन घेणाऱ्या काचेवर मखमली खोळ चढवून ठेवलेली. हात लावायचा नाही, असा हुकूम.

तिन्हीसांजेला साहेबांनी खोळ ओढली, बटण दाबलं. काही नाही. बॅटरीला ऊन मिळालंच नव्हतं.

पाड्याची सुईण झेलाअक्का म्हणाली, "भाऊ, बठ्ठं ऊन कापडनी पी टाकं." खरंच, सगळं ऊन त्या कापडानेच प्यायलेलं.

"यांना वापरायची अक्कल नाही," म्हणत साहेबांनी दिवा नावेत परत चढवला. अक्काची सून आजउद्या बाळंत होणार, तीही चिमणीच्या उजेडात. आणि मी? परतताना खोळ माझ्याच मांडीवर होती, नीट घडी घातलेली.